एका खोलीसाठी तेरा खोल्या थांबल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाचे दिवस आले की कोणत्या शाखेला किती मागणी, कुठे किती जागा रिकाम्या, याच्या बातम्या आपल्या दैनिकात रोज वाचते. कॉम्प्युटर शाखेची रांग सगळ्यात लांब. पण त्या शाखेत मुलांच्या हाताला नेमके काय लागते, याबद्दल कुणी लिहिताना दिसत नाही. म्हणून हे पत्र. जागा जरा जास्त लागेल, पण शक्य असेल तर न कापता छापावे.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान गाळ्यात चौघांना घेऊन काम करते. द्राक्षांची पॅकहाउस, शीतगृहे, वजनकाटे यांना लागणारी सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. वडील निफाड तालुक्यातले, बागही होती आणि कांदाही. त्यामुळे माल नासतो म्हणजे काय होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

फेब्रुवारी 2015. दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाउसमध्ये आमचा प्रोग्राम बसवून तीन महिने झाले होते. चौदा खोल्या, काही प्रीकूलिंगच्या, बाकी साठवणीच्या. निर्यातीचे द्राक्ष तोडले की काही तासांच्या आत त्याची उष्णता काढावी लागते आणि मग शून्य अंशाच्या आसपास ठेवावे लागते. प्रत्येक खोलीत तापमानाचे सेन्सर, ते दोन तारांवरून त्या खोलीच्या गेटवेला, म्हणजे सेन्सर आणि नेटवर्क यांच्यामधल्या दुभाष्या पेटीला, जोडलेले, आणि गेटवे नेटवर्कवरून आमच्या कॉम्प्युटरला. प्रोग्राम एक नंबरच्या खोलीला विचारायचा, उत्तर आले की लिहून घ्यायचा, मग दोन नंबर, मग तीन. चौदा झाल्या की पुन्हा पहिलीपासून. तापमान ठरलेल्या रेषेच्या वर गेले की भोंगा. तीन महिने एकही तक्रार नव्हती.

त्या रात्री पाच नंबरच्या खोलीच्या गेटवेचा अ‍ॅडॉप्टर बंद पडला. गेटवेने माझा प्रश्न घेतला होता, ‘पोचला’ अशी पोचही दिली होती. तारेवरच्या सेन्सरकडून उत्तर आणायला तो गेला आणि तेवढ्यात त्याची वीज गेली. आता माझ्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नव्हते. जोडणी उघडी, प्रश्न पोचलेला, उत्तर ‘येतच असेल’. पलीकडचे यंत्र वीज जाऊन मेले तर टीसीपी, म्हणजे दोन यंत्रांनी नेटवर्कवरून बोलायची ठरलेली रीत, ते आपण होऊन सांगत नाही. प्रश्न पोचला नसता तर कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, तो पुन्हा पुन्हा पाठवून पाहिला असता आणि शेवटी हात टेकले असते. पण पोच मिळालेली असल्यामुळे त्यालाही करण्यासारखे काही उरले नाही. जोडणी जिवंत आहे का, हे तपासायची कीपअलाइव्ह नावाची सोय असते, पण ती प्रोग्राम लिहिणाऱ्याने चालू करावी लागते, आणि चालू केली तरी लिनक्सवर पहिली चाचपणी मुळात दोन तासांनी होते. मी ती चालूच केलेली नव्हती. प्रोग्राम ‘रीड’ या एका ओळीवर उभा राहिला तो उभाच.

पडद्यावर मात्र चौदाही खोल्यांचे आकडे हिरवे. शेवटचे वाचलेले आकडे, रात्री सव्वा वाजताचे.

अडीचच्या सुमारास नऊ नंबरच्या खोलीचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला. तिचा सेन्सर ठणठणीत होता, गेटवे ठणठणीत होता, आकडा वर चढत होता. विचारणाराच पाचव्या दारापाशी अडकला होता. सकाळी सहाला सुपरवायझरने दार उघडले. मी साडेसातला पोचले तेव्हा वरच्या पेटीतले मणी घामेजलेले होते, देठ तांबूस पडायला लागले होते. ज्यांचा माल होता ते काका बाहेर ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, “ताई, भोंगा वाजला असता तर पोरं झोपेतून उठून आली असती.” यावर मी त्यांना काय सांगणार होते? तो माल कंटेनरमध्ये गेला नाही, मिळेल त्या भावाने इथल्याच बाजारात विकला गेला. चूक माझ्या प्रोग्रामची होती, ती मी मान्य केली आणि झेपेल तेवढी भरपाईही दिली. पण ती सकाळ डोक्यातून गेलेली नाही.

आधी सगळे करतात तेच केले. प्रत्येक प्रश्नाला तीन सेकंदांची मुदत लावली. प्रोग्राम कायमचा अडकायचे थांबले, पण रांग तीच राहिली. चार गेटवे एकदम गेले तर बाकीच्यांना बारा सेकंद नुसती वाट. मग खोलीगणिक एक थ्रेड केला, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी चालणारी वेगळी कामे. चौदा थ्रेड, एक सामाईक तक्ता, आणि एका वेळी एकाच थ्रेडने त्याला हात लावावा म्हणून तक्त्याला एक कुलूप. महिन्याभरात एका थ्रेडने कुलूप हातात ठेवून प्रिंटरला काहीतरी पाठवले, प्रिंटरमधला कागद संपलेला होता, आणि पुन्हा चौदाही खोल्या थांबल्या. या वेळी दिवसाउजेडी, म्हणून निभावले.

तेव्हा कुठे मी इव्हेंट लूप नीट शिकायला बसले. लिबयूव्ही ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, घेतली, सगळा प्रोग्राम पुन्हा सी भाषेत लिहिला. त्या वेळी मला हे मराठीत समजावून सांगणारे कुणी असते, तर दोन महिने वाचले असते. म्हणून जे मला शेवटी समजले ते इथे सांगते.

लासलगावचा कांद्याचा लिलाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा, पुकारणारा आणि त्याच्याबरोबर व्यापाऱ्यांचा घोळका. एका ट्रॉलीपाशी येतात, कांदा हातात घेऊन बघतात, बोली होते, भावाची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. वजन होईपर्यंत तिथे कुणी उभे राहत नाही. वजन काट्यावर होते, माल खाली होतो व्यापाऱ्याच्या खळ्यावर, पैशांचा हिशोब आणखी तिसरीकडे. प्रत्येक ट्रॉलीचे काम आपापल्या गतीने चालू असते आणि पुढे काय करायचे, कुठे जायचे, ते हातातल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. लिलाव पुकारणारा माणूस एकच. तरी शेकडो ट्रॉल्या निघतात, कारण तो कुठल्याच ट्रॉलीसाठी खोळंबत नाही.

इव्हेंट लूप म्हणजे तो पुकारणारा. चिठ्ठी म्हणजे कॉलबॅक, ‘उत्तर आले की हे काम कर’ असे आधीच लिहून ठेवलेले फंक्शन. आपण प्रत्येक सॉकेटला, म्हणजे जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाला, नॉन-ब्लॉकिंग (न थांबवणारे) करून ठेवतो. मग ‘वाच’ म्हटल्यावर काही आलेले नसेल तर तो आपल्याला उभे करून ठेवत नाही, ‘आत्ता काही नाही, नंतर ये’ एवढे सांगून लगेच परत पाठवतो. आणि ‘नंतर’ म्हणजे केव्हा, हे आपण दारोदार जाऊन विचारत नाही. चौदा सॉकेट आणि चौदा घड्याळे कर्नलच्या स्वाधीन करून सांगतो, यातले काहीही हलले तर मला उठव. पाच नंबरचा गेटवे मेला तर त्याचे तीन सेकंदांचे घड्याळ वाजते, त्याच्या नावापुढे लाल खूण होते, आणि तोवर नऊ नंबरची उत्तरे येतच असतात.

ही कल्पना नवी नाही, म्हणून तर मुलांना ती ठाऊक नसल्याचे जास्त वाईट वाटते. अनेक जोडण्यांवर एकदम लक्ष ठेवायचा ‘सिलेक्ट’ हा सिस्टिम कॉल बर्कली युनिक्समध्ये 1983 साली आला. त्याची अडचण अशी की दर खेपेला अख्खी यादी कर्नलला द्यायची, त्याने ती पहिल्यापासून तपासायची, आणि लिनक्सवर यादीची मर्यादा 1024. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला की एका सर्व्हरने एकदम दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत. त्याच सुमाराला उत्तरेही यायला लागली. 2000 मध्ये फ्रीबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिममध्ये केक्यू आला, 2002 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये ईपोल. यादी एकदाच नोंदवायची, पुढे फक्त ज्यात हालचाल झाली तेवढ्याचीच खबर यायची. विंडोजमध्ये आयओसीपी आहे, त्याची तऱ्हा आणखी निराळी. ते ‘आता वाचता येईल’ असे सांगत नाही, ‘तुझ्यासाठी वाचून ठेवले’ असे सांगते.

प्रत्येक सिस्टिमचा रिवाज वेगळा, म्हणून मध्ये लायब्ररी लागते. नील्स प्रोव्हॉस यांची लिबइव्हेंट, तिच्यावर मेमकॅश्ड उभे आहे. 2007 मधली लिबइव्ह. रायन डाल यांनी 2009 मध्ये नोड, म्हणजे ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवायची सोय, काढले तेव्हा ते लिबइव्हवर चालत होते. विंडोजवरही तसेच चालावे म्हणून 2011 मध्ये लिबयूव्ही तयार झाली. आज जावास्क्रिप्टमध्ये ‘अवेट’ लिहिणारे आपल्या गावातले प्रत्येक पोर, नोड वापरत असेल तर, नकळत तिच्यावर उभे आहे. पायथॉनमध्ये 2014 पासून असिंकआयओ ही इव्हेंट लूपची लायब्ररी मूळ भाषेबरोबरच मिळते.

आता माझे खरे म्हणणे. आमच्याकडे दरवर्षी पदवीची आणि डिप्लोमाची मुले मुलाखतीला येतात. नाशिकची, सिन्नरची, मालेगावची, कळवणची. हुशार असतात, कष्टाळू असतात. बायोडेटावर नोड लिहिलेले असते. मी एकच प्रश्न विचारते: या प्रोग्रामच्या एका कॉलबॅकमध्ये दहा सेकंद चालणारा हिशोब टाकला, तर त्या दहा सेकंदांत बाकीच्या ग्राहकांचे काय होईल? दहातली आठ मुले म्हणतात, काही होणार नाही मॅडम, ते असिंक आहे, म्हणजे कुणासाठी थांबत नाही. दोष त्यांचा नाही. त्यांना ‘असिंक’ हा शब्द मिळाला आहे, त्याच्या आतला लूप कुणी उघडून दाखवलेला नाही. लिलाव पुकारणारा एकाच ट्रॉलीपाशी हुज्जत घालत बसला तर सगळी रांग उभी राहते. इव्हेंट लूपमध्ये थांबू नये, हा नियम तो लूप आपल्यावर घालतो. आपण तो पाळला नाही तर लायब्ररी आपल्याला वाचवत नाही.

बाजारात यालाही वाट काढलेली असते. खळ्यावर माल खाली करताना खालचा कांदा वरच्यासारखा निघाला नाही तर व्यापारी वांधा काढतो. तो वांधा लिलावाच्या रांगेत सोडवत नाहीत. त्याची माणसे वेगळी, जागा वेगळी, लिलाव चालूच. लिबयूव्हीत या कामाला थ्रेडपूल आहे. मुळात चारच थ्रेड, वाढवता येतात. लांबलचक हिशोब तिकडे पाठवायचा, आटोपला की लूपला निरोप येतो.

या थ्रेडपूलनेही मला एकदा धडा दिला, आणि हा भाग मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण वर्गात हे कुणी सांगत नाही. साध्या फाइलचे वाचणे-लिहिणे ईपोलच्या कक्षेत बसतच नाही. फाइल नोंदवायला गेलात तर कर्नल सरळ नकार देतो. म्हणून लिबयूव्ही फाइलची कामे गुपचूप त्या चार थ्रेडवर टाकते. नाव देऊन पत्ता शोधायचे काम, म्हणजे डीएनएस, तेही तिथेच जाते, कारण सी लायब्ररीचे ते फंक्शन थांबवून ठेवणारेच आहे. 2017 च्या हंगामात एका ठिकाणी दुपारी इंटरनेट गेले. आमचा प्रोग्राम एसएमएस पाठवायला सर्व्हरचा पत्ता शोधत होता, एकामागून एक चार शोध सुरू झाले, चारही थ्रेड उत्तराची वाट बघत बसले. आणि खोल्यांचे आकडे फाइलमध्ये लिहायचे काम त्याच चौघांच्या दारात रांगेला. लूप जिवंत, भोंगा चालू, पडदा ताजा, पण नोंदवहीत पाऊण तासाचे भगदाड. निर्यातदाराला तापमानाची नोंद सलग लागते, त्यामुळे ते भगदाड निस्तरायला चार दिवस गेले. पुढच्या आवृत्त्यांमध्ये लिबयूव्हीने अशा सावकाश कामांना निम्म्याच थ्रेडवर बसता येईल अशी मर्यादा घातली. मी तेव्हा एसएमएसचा भाग उचलून वेगळ्या प्रोग्राममध्ये नेला, आजही तो तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट, जी पाहिल्याशिवाय पटत नाही. मॉडबसवरून, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांच्या ठरलेल्या बोलीत, एका सेन्सरचा एक आकडा मागितला की टीसीपीवर अकरा बाइटचे उत्तर येते: सात बाइटचा मथळा, मग कामाचा क्रमांक, मग लांबी, मग आकड्याचे दोन बाइट. प्रयोगशाळेत दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवले की अकराच्या अकरा एकदम येतात, आणि मूल समजून चालते की एका निरोपाला एक वाचन. प्रत्यक्ष जागेवर, विशेषतः मोबाइल मोडेमवरून, कधी सात येतात आणि मागून चार, कधी एका उत्तराचे अकरा आणि पुढच्याचे तीन चिकटून. टीसीपीला निरोपाच्या सीमा ठाऊक नसतात, तो पाण्याच्या पाटासारखा आहे. आलेले साठवत जायचे, अकरा भरले की उचलायचे, उरलेले तसेच ठेवायचे. ब्लॉकिंग प्रोग्राममध्ये ‘अकरा भरेपर्यंत हलू नको’ असे एका ओळीत सांगता येते. इव्हेंट लूपमध्ये आपण कुठवर आलो होतो, हे प्रत्येक जोडणीमागे स्वतः लिहून ठेवावे लागते. हीच त्याची किंमत, आणि माझ्या मते ती मोजावी. पण मोजावी लागते हे मुलांना आधी सांगितले पाहिजे. दोन वाचनांच्या सॉफ्टवेअरला हा मामला नको. ज्याला एकच वजनकाटा वाचायचा आहे त्याने सरळ ब्लॉकिंग प्रोग्राम लिहावा, मुदत लावावी आणि सुखाने झोपावे. मी स्वतः काट्यांसाठी तसेच लिहिते.

जिल्ह्यातल्या प्राध्यापकांना माझी विनंती एवढीच आहे. नेटवर्क प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकात एक सर्व्हर आणि एक ग्राहक लिहून घेता, ते चांगलेच आहे. त्यापुढे एक प्रयोग वाढवा. एक सर्व्हर, वीस ग्राहक, त्यातला एक मुद्दाम मुका. बाकीच्या एकोणिसांना उत्तर किती वेळात मिळते, ते घड्याळ लावून वहीत लिहा. आधी सरळ रांगेचा प्रोग्राम, मग थ्रेडचा, मग इव्हेंट लूपचा. तिन्हींचे आकडे शेजारी मांडले की मला व्याख्यान द्यावे लागणार नाही. यासाठी पैसे लागत नाहीत, या लायब्ररी फुकट आहेत, त्यांचा सगळा सोर्स उघडा आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवर चालतात. आणि समजावताना मराठी वापरा. परीक्षेचा पेपर कुठल्याही भाषेत असो, डोक्यात चित्र आपल्या भाषेत उमटते. पिंपळगाव बसवंतच्या मुलीला लिलाव सांगितला की ती कॉलबॅक पाच मिनिटांत धरते, हे मी स्वतः पाहिले आहे.

हे आत्ताच लिहायचे आणखी एक कारण. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. गर्दीचे कॅमेरे, बसची ठिकाणे, हरवलेल्यांची नोंद, पाण्याच्या टाक्यांची पातळी, असे कितीतरी प्रोग्राम त्या निमित्ताने लिहिले जातील, त्यातले काही आपल्याच मुलांकडून. माझे सांगणे आहे की प्रत्येक प्रोग्राम स्वीकारण्याआधी कुणीतरी एका यंत्राची वीज काढून पाहावी आणि बाकीच्या पडद्यांवरचे आकडे खरोखर हलताहेत की शेवटचेच हिरवे दिसताहेत, हे तपासावे. आमच्या पडद्यावर आता प्रत्येक आकड्याखाली तो कधी वाचला ती वेळ असते, आणि दहा सेकंदांपेक्षा जुना झाला की तो राखाडी होतो. हे काम दोन तासांचे आहे.

नुसते पत्र लिहून मी थांबत नाही. ते गेटवे, चौदातले सहा, अजून चालू स्थितीत गाळ्यावर आहेत. येत्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी तीन ते सहा मी आठ-दहा मुलांना बसवू शकते. फी नाही, प्रमाणपत्रही नाही. ज्या प्राध्यापकांना मुले पाठवायची असतील त्यांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत कळवावे. मुलांनी लॅपटॉप आणि आपापला लिहिलेला सर्व्हर घेऊन यावे, जसा असेल तसा. पहिल्या तासाला सगळ्यांनी तो चालू करायचा, आणि मी जाऊन पाच नंबरच्या गेटवेची पिन काढणार आहे.

आपली विश्वासू,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक
सातपूर, नाशिक